पायरी नसलेलं पाणी

ज्या जिल्ह्याला एकदा पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या जिल्ह्यात एक माणूस पन्नास वर्षं पोहायला शिकवतो, हे बाहेर कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कशात?" विहिरीत. निलंग्याला अमृतरावांच्या मळ्यात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तिला मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असतं आणि त्या पाण्यावर चांदपाशा मामूंचं राज्य असतं.

मामू धंद्यानं मोटार वायंडिंगवाले. एस.टी. स्टँडच्या मागं त्यांचं दुकान आहे. दुकानात जळक्या मोटारींचा ढीग असतो आणि प्रत्येक ढिगामागं "उद्या या" हे उत्तर असतं. विहिरीत मोटार पडली, फूटव्हॉल्व्ह निसटला, दोर तुटला की आसपासच्या गावांतून मामूंना बोलावणं येतं. मामू सदरा काढतात, मोठा श्वास घेतात आणि खाली जातात. वर येतात ते वस्तू घेऊनच. वय आता सहासष्ट. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय. विहिरीत उतरू नका असं डॉक्टर म्हणाले नाहीत, त्यामुळं मामूंच्या मते त्याला परवानगी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सातला त्यांचा वर्ग भरतो. मीही त्याच वर्गातली. माझे वडील नरसिंग, पोस्टमन. मी दहा वर्षांची असताना ते मला सायकलवर घालून मळ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "बुद्धप्रियाला पोहायला शिकवा. आमच्या लोकांना पाण्याला हात लावू देत नव्हते, माझी पोरगी पाण्यात उडी मारंल." असलं भाषण ऐकून कुणीही हेलावला असता. मामूंनी फक्त माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला.

"भ्या वाटतंय का?"

"हाव."

"लई चांगलं," म्हणाले, आणि मला ढकलून दिलं.

मामूंचे कायदे तीन. पहिला: दम लागला, घाबरलात, पोटात गोळा आला, काहीही झालं तरी पायरीकडं तोंड करायचं आणि हात मारायचे. "हीर काय कुठं पळून जाती का? पायरी हाय तिथंच ऱ्हाती." दुसरा: फेसाळ पाण्यात जायचं नाही, कारण तिथं वरून मोटारीचं पाणी पडतं. शांत पाणी ते आपलं पाणी. आणि तिसरा, ज्यावर बाकीचे दोन उभे आहेत: पाण्यात उस्ताद एकच. तो सांगंल ते. उलट बोललं की त्या दिवशीचं पोहणं बंद, आणि घरी चहा प्यायला येऊन मामू आईबापांसमोर आणखी चार शब्द सुनावणार ते वेगळेच.

या तीन कायद्यांवर निलंग्याच्या तीन पिढ्या तरंगल्या. एकही पोरगं बुडालं नाही. त्यामुळं कायद्यांत काही चूक असेल असं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मी पुढं शिक्षिका झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. भरती-ओहोटी हा माझा हातखंडा. चेंडू, बॅटरी आणि फळ्यावरचे दोन बाण एवढ्यात मी चंद्राला कामाला लावते. मुलं माना डोलावतात, निकाल शंभर टक्के लागतो. फक्त या एकोणीस वर्षांत मी समुद्र पाहिला नव्हता. मुलांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

यंदा उन्हानं बेचाळीस ओलांडले आणि अमृतरावांच्या डोक्यात समुद्र शिरला. ते सेवानिवृत्त ग्रामसेवक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेण्यात गेलं, आता सहलीच्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घेऊ लागले. एकतीस नावं झाली. बस ठरली. पंचवीस जणांचे धपाटे, चाळीस जणांची शेंगदाण्याची चटणी आणि साठ जणांचं लोणचं तयार झालं. शेजारच्या साखराबाईंनी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घेतला, त्यावर सगळी बस हसली. "आहो, समुद्राला चाललोय, पाणी कशाला?" किनाऱ्यावर पोचल्यावर सगळ्यात आधी तोच जार संपला, आणि सगळ्यात जास्त पाणी हसणाऱ्यांनीच प्यालं.

अशा सहलीत एरवी बायका थोड्या धास्तावतात. पोरं पाण्यात जातील, काही झालं तर काय, असं चालू होतं. पण या वेळी कुणाला चिंता नव्हती. मामू बरोबर होते. मामूंच्या शेजारी त्यांची बायको साबेरामामी आणि मागच्या सीटवर नात सादिया. नुकतीच दहावी झालेली, विहिरीतली सगळ्यात तयार पोहणारी. कुणी "समुद्र लई खोल असतोय म्हणे" असं म्हणालं की अमृतराव हात उडवायचे. "मामू हाईत की. समुद्र म्हंजे काय, मोठी हीरच की वो."

मामू खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उस्तादांना गप्प राहूनच मान मिळतो.

किनाऱ्याचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. उलट त्यांनी जेवढं करायचं तेवढं केलं होतं. वाळूत मोठा फलक होता, अकरा सूचना लिहिलेल्या. शिक्षिकेच्या सवयीनं मी मोठ्यानं वाचायला लागले. "एक, मद्यपान करून पाण्यात उतरू नये. दोन, लाल झेंडा असलेल्या जागी पोहू नये." तिसरी सूचना वाचता आली नाही, कारण तिच्यावर अमृतरावांचा टॉवेल वाळत होता. चौथीवर दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या कुणाची तरी पँट होती.

लाल झेंडाही होता. एका बाजूला दुसऱ्या रंगाचे दोन झेंडे रोवलेले होते आणि सगळी गर्दी त्या दोघांच्या मधे नाहत होती. लाल झेंड्यापाशी मात्र चिटपाखरू नव्हतं. आमच्या लोकांनी दोन्हीकडं पाहिलं आणि एकमतानं ठरवलं, "हितं मोकळं हाय, हितंच बसू." हॉटेल असो, दवाखाना असो की समुद्र, मोकळी जागा का मोकळी आहे हा प्रश्न आम्हाला पडत नाही. साखराबाईंनी लाल झेंड्याच्या काठीलाच पिशवी अडकवली.

मी शहाळं प्यायला गेले. गाड्याच्या बाजूला लाकडी मचाण होतं आणि खाली सावलीत जीवरक्षक उभा होता. चाळिशीचा, किडकिडीत, गळ्यात शिट्टी, हातात लाल रंगाचा फुगीर तरंगा. एकोणीस वर्षांत प्रथमच समुद्र पाहिलेल्या भूगोलाच्या बाईला जेवढे प्रश्न पडायला हवेत तेवढे मला पडले होते. मी विचारले. त्यानं कंटाळा केला नाही.

"बाई, तो मधला पट्टा बघा," तो लाल झेंड्याच्या समोर बोट दाखवून म्हणाला. "दोन्हीकडं लाटा फुटतायत, मधे शांत आहे. जरा गढूळ दिसतं. लोकांना वाटतं, हीच चांगली जागा. पण लाटांनी आणलेलं पाणी परत कुठून जाणार? तिथूनच जातं. माणूस मधे गेला की त्यालाही घेऊन जातं."

"मग काय करायचं?"

"किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी पाणी त्याच्यापेक्षा जोराचं. तो दमतो आणि मग बुडतो. आडवं पोहायचं, किनाऱ्याला धरून. लाटा फुटतात तिथपर्यंत गेलं की ओढ सुटते, लाटाच बाहेर आणून टाकतात. तेवढंही जमत नसेल तर उताणं पडून राहायचं आणि एक हात वर करायचा. मी येतो."

मी मान डोलावली. माझ्या वर्गातली मुलं डोलावतात, तशीच. मग शहाळ्यातली मलई खाल्ली आणि आमच्या लोकांत येऊन बसले.

धपाटे सुटले होते. माझ्या शेजारी सादिया बसली. तिनं दुपट्टा आजीकडं देऊन टाकला होता आणि घास गिळता गिळता लाटा मोजत होती. समोर मामू उभे होते. डोळे बारीक करून त्यांनी समुद्र पाहिला. डावीकडं फेस, उजवीकडं फेस, मधे गुळगुळीत पट्टा.

"ह्ये आपलं पाणी," मामू म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग बाजूला आमची सगळी माणसं दिसली, त्यांतली निम्मी मामूंच्याच हाताखाली शिकलेली. आमच्याकडं उस्तादाची चूक चारचौघांत काढत नाहीत. काढायचीच तर नंतर, एकांतात, चहाबरोबर, आणि तीही अशी की उस्तादाला वाटावं, आपल्यालाच सुचली. मी त्या रीतीत वाढलेली. उघडलेल्या तोंडात मी धपाट्याचा घास घातला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. जीवरक्षक पळत आला. आधी त्यानं झेंड्याच्या काठीवरची पिशवी काढून साखराबाईंच्या हातात दिली, त्याचा त्यांना राग आला. मग तो मामूंना म्हणाला, "काका, इथं उतरू नका. ओढ आहे."

"पन्नास वर्सं पाण्यात हाव आम्ही," मामू म्हणाले.

"कुठल्या पाण्यात?"

हा प्रश्न अगदी साधा होता. पण आमच्या गोटात तो अपमान ठरला. अमृतराव पुढं झाले. मामूंनी किती मोटारी काढल्या, किती पोरं शिकवली, एका आमदाराच्या मेहुण्याला कसं वाचवलं, हे सगळं सांगू लागले. जीवरक्षकानं ऐकून घेतलं, पुन्हा सांगितलं, "इथं नको, त्या दोन झेंड्यांच्या मधे या," आणि तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कुणीतरी ओरडलं म्हणून तो तिकडं पळाला. त्या टोकाला चार तरुण बाटली संपवून पाण्यात शिरले होते. पहिली सूचना न वाचता फलक त्यांनी बहुधा कपडे वाळत घालण्यापुरताच वापरला होता.

मामू बेजबाबदार नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते म्हणाले, "आधी मी आन सादिया बघून येतो. मी बोलावल्याबिगर कुणी पाय भिजवायचा न्हाई." बाकी सगळ्यांना वाळूत बसवून ते फक्त आपल्या नातीला घेऊन गेले. जिच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा होता तिला.

पहिली दोन मिनिटं फार सुंदर गेली. दोघं सहज आत सरकत होते. हात न मारताच. "बघा, कसं अलगद चाललेत," अमृतराव मोबाइलमध्ये टिपत म्हणाले. मला मात्र ते अलगद दिसत नव्हतं. मी उठून उभी राहिले.

मग मामू वळले. त्यांना कळलं असणार, कारण पाण्यातलं त्यांना नेहमी आधी कळतं. ते काहीतरी ओरडले. शब्द ऐकू आले नाहीत, पण मला ऐकायची गरज नव्हती. पन्नास वर्षं ते एकच ओरडत आलेत. दोघांनीही किनाऱ्याकडं तोंड केलं आणि जोरात हात मारायला लागले. दोघांचेही हात सुरेख चालत होते, आणि दोघंही लांब लांब जात होते.

सादियाच्या अंगावरची सलवार भिजून जड झाली होती. तिचं डोकं एकदा खाली गेलं आणि वर आलं. साबेरामामी उठल्या, त्यांच्या हातातला दुपट्टा वाळूत पडला, आणि त्या "सादियाऽ" म्हणून अशा ओरडल्या की मोबाइलवाल्या हातांनी मोबाइल खाली केले.

मी पळाले. साडी नेसून वाळूत पळणं किती हास्यास्पद दिसतं ते अमृतरावांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांनी नंतर कौतुकानं दाखवलं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडले, "सादियाऽ, आडवी! आडवी पोह!" जिल्हा परिषदेच्या शाळेत माइक नसतो, त्यामुळं आमचा आवाज चांगला असतो. तरी लाटांपुढं तो काहीच नव्हता. मग मी दोन्ही हात एका बाजूला ताणून, कवायतीसारखी, फेस फुटत होता तिकडं दाखवत राहिले. एकदा, दहादा, किती वेळा ते आठवत नाही.

तिनं पाहिलं.

तिच्याजवळ पाच हातांवर तिचे आजोबा होते आणि ते पायरीकडं चल म्हणत होते. लांब किनाऱ्यावर एक बाई होती आणि ती फेसात जा म्हणत होती. लहानपणापासून तिला फेसात जाऊ नको म्हणून सांगितलेलं. ती पोरगी थांबली. मी आयुष्यात इतका लांब क्षण कधी अनुभवला नाही. मग तिनं तोंड वळवलं आणि आडवे हात मारायला लागली. मामू तिच्यामागं ओरडत राहिले. ती थांबली नाही. फेसात शिरली, एक लाट तिच्यावरून गेली, दुसरी गेली, तिसरीनं तिला उचललं आणि बऱ्याच अंतरावर वाळूत आणून टाकलं. तिच्या नाकातोंडात वाळू गेली होती, गुडघा फुटला होता, आणि ती रडत होती. म्हणजे ती जिवंत होती.

मामू वळले नाहीत. ते पायरीकडंच तोंड करून हात मारत राहिले. जीवरक्षक तोवर तरंगा घेऊन पाण्यात घुसला होता. तो त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांचे हात नुसतेच वरखाली होत होते. त्यानं मामूंना तरंग्यावर घातलं आणि आडवं, शांतपणे, भाजी आणायला निघाल्यासारखं बाहेर आणलं.

मामूंनी वाळूत बरंच खारं पाणी ओकलं. साबेरामामी त्यांची पाठ चोळत होत्या. मामी आयुष्यभर कमी बोलल्या, पण त्या दिवशी बोलल्या. "पन्नास साल लोकांच्या मोटारी काढल्या. आज तुमची मोटार काढाया दुसरा माणूस लागला." मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले.

आमची माणसं मात्र पाऊण तासात सावरली. दुपारी बस निघेपर्यंत गोष्टीला आकार आला होता. अमृतरावांच्या म्हणण्यानुसार समुद्र अचानक खवळला, मामूंनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता नातीला लाटेवर ढकललं आणि मग दमल्यामुळं जरा टेकले. साखराबाई म्हणाल्या, समुद्र आम्ही गेलो म्हणूनच खवळला असणार. कुणी लाल झेंड्याचं नाव काढलं नाही. टॉवेल वाळला होता, अमृतरावांनी तो झटकून घडी घालून ठेवला. मागची तिसरी सूचना कुणी वाचली नाही, मीही नाही.

घाट चढल्यावर चहाला बस थांबली. सगळे आंबापोळी बघायला दुकानात शिरले. मामू बाहेर बाकावर बसले होते. मला त्यांनी हातानं बोलावलं. त्यांचा आवाज बसला होता.

"बाई, आडवं पोहायचं आसतंय, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"त्या शिट्टीवाल्यानं."

"कवा?"

"सकाळी. शहाळं प्यायला गेले तेव्हा."

मामूंनी मान हलवली. कपातला चहा त्यांनी प्यायलाच नव्हता. मी घाईघाईनं म्हणाले, "मामू, मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?" हे वाक्य मी बसमध्ये दोन तास तयार करत होते. मला वाटत होतं, ह्या वाक्यानं मी सुटेन.

"न्हाई," मामू म्हणाले. "तुझं न्हाई, त्या शिट्टीवाल्याचं न्हाई, कुणाचंच न्हाई. माझी अक्कल हिरीएवढीच."

मला बरं वाटलं. खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं.

दुकानाच्या दारात सादिया गुडघ्याला पट्टी बांधून उभी होती आणि आजीला काहीतरी सांगत होती. मामू तिच्याकडं बघत राहिले.

"मी न्हाईच ऐकलं आसतं," ते म्हणाले. "पण बाई, सकाळी ती तुझ्या शेजारीच बसली व्हती ना?"

बोलायची वेळ सकाळी होती, आणि तेव्हा मी तिला चटणी वाढत होते.